गाडीचं नाक

वरोऱ्याच्या अलीकडे गाडीचा एसी पुन्हा मेला.

मेला म्हणजे घरघर, खरखर, धूर असलं काही नाही. गुपचूप मेला, चोरासारखा. कपाळावर येणारी गार झुळूक कोमट झाली, कोमटाची गरम झाली, आणि समोरच्या पडद्यावर अक्षरं मात्र हिरवीगार: ‘सर्व यंत्रणा सुरळीत.’ सुरळीत! बाहेर चव्वेचाळीस अंश तापमान, रस्त्यावरचं डांबर पाकासारखं चमकतंय, आणि ही बया म्हणते सुरळीत! ऋचिता वैरागडेला त्या पडद्याच्या एक थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटली.

“काचा खाली करा रे,” बाबा म्हणाले, आणि कुणी हात हलवायच्या आत त्यांनीच चारही काचा खाली केल्या.

भट्टीचं दार उघडावं तशी हवा आत आली. कोळशाच्या ट्रकांची काळी धूळ दातांवर बसली. गाडी घेऊन वर्ष होऊन गेलं तरी बाबांनी सीटवरचं प्लॅस्टिक काढू दिलं नव्हतं, त्यामुळे ऋचिताची पाठ त्याला पापडाच्या लाटीसारखी चिकटली होती. हलली की चर्रर्र. शी!

शेजारी आजोबा होते. लटारी वैरागडे, वय पंच्याहत्तर, अंगानं काटकुळे, जन्म भूमिगत कोळसा खाणीत गेलेला. उजवा पाय पट्टीत गुंडाळून उशीवर ठेवलेला.

“आजोबा, पाणी देऊ?”

“नोको वं पोरी,” आजोबा म्हणाले, आणि पुढच्याच क्षणी सकाळचं सगळं ताक ऋचिताच्या नव्या कुर्त्यावर आलं. आंबट, गरम, गुठळ्यांसकट.

“शीऽऽ!”

तोंडातून निघून गेलं. आजोबांनी ते ऐकलं. ते आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तिचा कुर्ता पुसायला लागले. मग हात थांबले आणि डोळे पांढरे झाले.

वरोऱ्याच्या दवाखान्यात सलाईन लागलं. नागपूर राहिलं बाजूला, संध्याकाळी सगळे चंद्रपूरला परत आले.

नागपूरला जाणं चैनीचं नव्हतं. आजोबांच्या पायाला साखरेमुळे चिघळलेली जखम होती. दिवाळीनंतर ती इतकी सडली होती की घरात शिरताना कळायचं. मग नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांना दाबाखालच्या ऑक्सिजनच्या पेटीत बसवायला सुरुवात केली. त्या दाबानं ऑक्सिजन रक्तात जास्त विरघळतो, मेल्यासारख्या झालेल्या मांसापर्यंत पोचतो आणि जखम भरायला लागते. पण त्यात खंड पडला की केलेलं सगळं पाण्यात. “एक-दोन फेऱ्या आणखी चुकल्या,” डॉक्टर फोनवर म्हणाले, “तर घोट्याच्या वरून पाय काढावा लागेल.”

आणि त्याच संध्याकाळी आजोबांनी खाटेवरून जाहीर केलं, “म्या आता नागपूरले येत नाई. बसलो का गाडी बिघडते. तिलेबी मी चालत नाई. कापू द्या पाय.”

“काहीतरीच काय, आबा!” बाबा म्हणाले. पण त्यांनी आजोबांकडे बघितलं नाही. मोबाइलकडे बघून म्हणाले.

ऋचिता दहावीत होती. जानेवारीत विज्ञान प्रदर्शनात पहिल्यांदा माईकवर बोलली, आणि तेव्हापासून थांबलीच नाही, असं आई म्हणायची. तिनं कुर्ता बादलीत भिजत टाकला, हात तीनदा साबणानं धुतले आणि ठरवलं: एसी का मरतो हे शोधायचं. आजोबांचा पाय एका फालतू यंत्रापायी जाऊ द्यायचा? छट्!

*

“दोन पोटांची गाडी आहे तुझी,” गॅरेजमध्ये नाझनीनताई म्हणाली. ती हायब्रीड गाड्यांची शिकलेली मेकॅनिक. हातात ग्रीस, डोळ्यांत सुरमा आणि तोंडात सतत टोमणा. “एक पोट पेट्रोलचं, एक बॅटरीचं. जुन्या गाडीत इंजिनाच्या पट्ट्यावर एसी फिरायचा. हिच्यात कॉम्प्रेसर थेट बॅटरीवर. म्हणून सिग्नलला इंजिन झोपलं तरी गारवा चालू. पण बॅटरी तापली की ही आधी स्वतःचा जीव वाचवते. तुम्ही मरा तिकडे.”

“मग बॅटरी का तापते?”

“बॅटरीला श्वास लागतो. मागच्या सीटशेजारच्या जाळीतून ती आतलीच हवा ओढते. बघू तुमच्या घराण्यानं काय कोंबलंय तिच्या नाकात.”

नाझनीनताईनं सीट उचलली, पंखा काढला आणि जमिनीवर आपटला.

आईगं! केसांचा एक गुंता, मुठीएवढा, तेलकट. त्यात चिवड्याचे मुरमुरे, एक दुधाचा दात (ऋचिताच्या धाकट्या मामेभावाचा असावा), खर्र्याच्या दोन पन्न्या, आणि सगळ्याच्या मधोमध वाळून कागद झालेली एक पाल. शेपटीसकट.

“खर्रा कोण खातं?”

“कुणीच नाही,” ऋचिता नाक धरून म्हणाली. “बाबांनी सोडला. वर्ष झालं.”

“होय का? गाडी घेतल्याला पण वर्षच झालं ना?” नाझनीनताई हसली. ऋचिताला हसू आलं नाही. माणसं सुपारी-तंबाखूचा चोथा चघळतात, पन्नी आपल्याच मुलांच्या सीटखाली सारतात आणि घरी येऊन ‘सोडला’ म्हणतात. तिला पालीपेक्षा त्या पन्न्यांची जास्त किळस आली.

पंखा धुतला, गॅसचा दाब तपासला. सगळं ठणठणीत. बाबा गाडी न्यायला आले आणि दोघं गारेगार घरी आली. दुसऱ्या दिवशी आजोबांना गावातल्या दवाखान्यात ड्रेसिंगला न्यायचं होतं. आजोबा बसले, बाबांनी गाडी काढली, आणि कॉलनीचं फाटक ओलांडेपर्यंत एसी मेला.

“पाह्यलं?” आजोबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “म्या म्हनलं होतं ना?”

*

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या. प्रयोगाचा नियम. ऋचितानं कामाला सुरुवात केली.

बाबा एकटे: एसी चालू. आई आणि ऋचिता: चालू. मग तिनं आजोबांना गोड बोलून खाली आणलं आणि पार्किंगमध्येच गाडी सुरू करून दोघं बसून राहिली. तिनं त्यांच्याकडून खाणीतल्या भुताच्या तीन गोष्टी ऐकल्या, त्यातली एक सरळसरळ खोटी होती. तेवढ्यात आजोबांनी दुपट्टा अंगभर ओढून घेतला.

“कमी कर वं हे. गारठलो ना मी!”

म्हणजे आजोबांमुळे नाही! ती आनंदानं ओरडणार होती, इतक्यात बाबा आले, चालवायला बसले, सीटखाली हात घालून काहीतरी सरकवलं, आणि थोड्या वेळात झुळूक कोमट. म्हणजे बाबा एकटे चालतात, आजोबा एकटे चालतात, दोघं एकत्र चालत नाहीत. हे काय? भांडण लावलंय का गाडीनं घरात?

हनुमान जयंतीला तर कहर झाला. देवळातून येताना गाडीत फक्त आई आणि ती. आई चालवत होती, ऋचिताच्या मांडीवर आरतीचं ताट होतं. आणि एसी मेला! ना बाबा, ना आजोबा. ऋचितानं डोक्याला हात लावला. सगळं गणित मोडलं.

संध्याकाळी देवघरात आईनं आरती केली आणि ताट सगळ्यांपुढे फिरवलं. बाबांनी ज्योतीवर हात धरले, डोळ्यांना लावले. आणि ऋचिताला दिसलं. अर्ध्या क्षणापुरतं बाबांचं नाक आक्रसलं. वरचा ओठ उचलला गेला, खराब दूध हुंगल्यावर उचलला जातो तसा. देवापुढे! आरतीला!

ताटात जळत होता कापूर.

ती चप्पल न घालताच पार्किंगमध्ये पळाली. चालकाच्या सीटखाली हात घातला. हाताला लागली एक स्टीलची डबी, प्रसादाची असते तेवढी. झाकण उघडलं. डबी कापराच्या वड्यांनी गच्च भरलेली.

आजोबा बसले की झाकण उघडायचं. उतरले की लावायचं. कुणाला दिसत नाही, कुणी विचारत नाही.

ऋचितानं झाकण खट्कन लावलं. ताकाच्या दिवशीही इतकी किळस आली नव्हती.

*

“अल्ला!” डबी बघून नाझनीनताईनं कपाळावर हात मारला. “बिघाड शोधत होतो आपण. हा बिघाड नाहीच. ही सवय आहे!”

मग तिनं समोरच्या पॅनेलचं झाकण काढून एक चिप दाखवली, तांदळाच्या दाण्याएवढी. ते गाडीचं नाक. त्याच्यावर वेगवेगळ्या पदार्थांचे सूक्ष्म थर असतात. हवेतला एकेक वास त्यांतल्या काही थरांना चिकटतो, काहींना नाही, आणि त्या नक्षीवरून गाडी वास ओळखते. आपलं नाकही असंच ओळखतं. आधी ही चिप गळणारा गॅस आणि धूर पकडायला बसवायचे. आरशाखाली एक बारका कॅमेराही असतो, चालवणाऱ्याला डुलकी लागली तर कळावं म्हणून. गेल्या वर्षीपासून कंपन्यांनी दोघांची जोडी लावून दिली. कोणत्या वासाला मालक तोंड वाकडं करतो, कोणत्या वासाला काच खाली घेतो, हे गाडी बघते आणि शिकते. मालकाला सांगावंसुद्धा लागू नये!

“आणि हायब्रीड म्हणजे जन्माची कंजूष,” नाझनीनताई म्हणाली. “काचा उघडणारच असतील तर थंडी कशाला करायची? बॅटरी वाया. म्हणून तो वास आला की ती आधीच कॉम्प्रेसर बंद करते. तिच्या हिशोबानं ती हुशारी आहे. म्हणून कुठं चूक दाखवत नाही.”

“पण हे आत्ताच कसं सुरू झालं?”

“शिकली हिवाळ्यात. तेव्हा एसी कोण लावतं?” तिनं नाकानं साठवलेली नोंद पडद्यावर उघडली. “हे बघ. आधी जखमेचा वास, लगेच काच खाली. मग जखमेबरोबर कापूर, काच खाली. मग नुसता कापूर, तरी काच खाली.”

“नुसता कापूर?”

“हो ना. जखमेची रेघ बघ. होळीपासून सपाट. वास नाहीच आता त्या पायाला.” नाझनीनताईचा टोमणा कुठं गेला कुणास ठाऊक, ती हळू आवाजात म्हणाली, “वास गेला, पोरी. तोंड वाकडं करणं राहिलं.”

ऋचितानं पडद्याचा फोटो काढला. मागचे महिने ती स्वतः त्या गाडीत श्वास रोखून बसायची, काच उघडली की सोडायची. कशासाठी? कापरासाठी! गाडी शिकली, बाबा शिकले, तीही शिकली. एकच शाळा, एकच धडा. शी, शी, शी!

*

तिनं डबी चहाच्या टेबलावर ठेवली. बिस्किटांच्या बशीशेजारी, झाकण उघडं.

आई म्हणाली, “अगं बाई, म्हणजे देवघरातला कापूर संपतो तो असा होय!” आणि मग बाबांच्या चेहऱ्याकडे बघून तिनं हातातला कप खाली ठेवला.

“कुठं मिळाली?” बाबांनी विचारलं.

“तुम्ही ठेवली तिथंच.” ऋचितानं सगळं सांगितलं. नाक, कॅमेरा, सपाट रेघ. आवाज चढत गेला. “गाडी बिघडली म्हणून तुम्ही मेकॅनिककडे गेलात, कंपनीला शिव्या घातल्यात. आणि ही डबी? एकदा तरी बोललात? मला किळस येते बाबा, तुमची!”

“ऋचू!” आई ओरडली.

“बोलू दे तिला,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चिरका झाला होता. “मला उलटी येते, समजलं? डिसेंबरात रोज पट्टी कोण बदलून राहिलं होतं? मी. तू दार लावून बसायची. मी पट्टी सोडायचो अन् मोरीत जाऊन ओकायचो, नळ सोडून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. बाप आहे माझा. बापाला कसं सांगू?”

हे खरं होतं. म्हणूनच ऋचिताला जास्त राग आला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून वॉकरची टकटक आली. आजोबा दारात उभे होते.

“मले म्हाईत होतं, परफुल.”

बाबांचा चहा सांडला.

“जिंदगी गेली माही खदानीत. खाली वासावर जीव टांगला राहे. कोळसा आतल्या आत जळाले लागला का डोळ्याले दिसत नाई, नाकालेच समजते. कितीक गड्यायले म्या नाकानं भायेर काढलं. अन् मले कापूर समजन नाई?” ते भिंतीला टेकले. “आपल्या पायाचा वास आपल्याले समजत नाई. मी म्हनो, पोराले एवढा कापूर लागते, म्हंजे माहा पाय किती सडला असन! मंग कायले जाचं नागपूरले? कायले पोराले वास द्याचा? सडलं ते कापूनच टाकलं पाह्यजे.”

ऋचिताला एकदम कळलं. आजोबा एसीला भ्यायलेच नव्हते. त्या डबीनं त्यांना सांगितलं होतं की पाय गेला, आणि त्यांनी ते डॉक्टरांपेक्षा जास्त मानलं होतं.

“आजोबा, पण वासच नाही हो!” तिनं फोन त्यांच्यापुढे धरला. “हे बघा. होळीपासून नाही.”

“मन राखून रायली तू.”

“मी नाही, गाडी सांगते. गाडी कुणाचं मन राखत नाही.”

“मशीनले काय समजते? मशीन तं मलेच हाकलून रायली होती.” आजोबा खुर्चीत बसले. पाय पुढे केला. “तू सांग. तुहं नाक तं आहे ना?”

ऋचिता खाली बसली. तिचं सगळं अंग मागं ओढत होतं. त्या पट्टीपाशी नाक नेण्यापेक्षा ती वाळकी पाल हातात धरायला एका पायावर तयार झाली असती. तिनं डोळे मिटले, वाकली आणि छाती भरून श्वास घेतला.

कापूस. मलम. आणि मागं कुठंतरी, टाचेच्या भेगांतून, खोबरेल तेल.

तिनं पुन्हा घेतला. मुद्दाम, मोठ्यानं.

“मलमाचा येतो. खोबरेलाचा येतो. आणि तुम्ही दुसऱ्या पायातला मोजा परवापासून बदललेला नाही, त्याचा येतो.”

“अन् सडल्याचा?”

“नाही.”

“खा आईची आन.”

“आईची शप्पथ. वाटल्यास आजीची पण.”

आजोबा आपल्याच पायाकडे बघत राहिले, परका कुणी ओळखीचा निघावा तसे. ऋचितानं वळून पाहिलं.

“बाबा, आता तुम्ही.”

बाबा उठले. दोन पावलं आले. नाक आक्रसलं, ओठ वर गेला, आरतीला गेला होता तस्साच. वास नसताना! ते तिथंच थांबले, मग टेबलावरची डबी उचलली आणि खिडकीबाहेर रिकामी केली. “उद्या नागपूरला निघू,” एवढं म्हणून खोलीत गेले. नळ सुटल्याचा आवाज आला.

ऋचिताला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. नुसती किळस आली.

“जाऊ दे,” आजोबा म्हणाले. “येईन मी उद्या. पन पुढं बसीन. परफुलच्या बाजूले. अन् काचा बंद.”

*

गाडीचं नाक पुसून कोरं करायला नाझनीनताईला एक चहा पिण्याएवढाही वेळ लागला नाही. “झाली बाळासारखी,” ती म्हणाली, आणि बाबांच्या हातात किल्ली देताना तिनं बोट आरशाकडे केलं. “पण बाळ पुन्हा शिकतं, साहेब. जे बघेल तेच.”

भद्रावती गेलं. आजोबा पुढच्या सीटवर, सीट मागे सारून, पाय उशीवर उंच ठेवून. सीटवरचं प्लॅस्टिक ऋचितानं सकाळीच फाडून कचऱ्यात घातलं होतं. एसी गार वाहत होता. बाहेर पळसांची उघडी झाडं उन्हात थरथरत होती. कापूर नव्हता, सड नव्हती. काही म्हणता काही वास नव्हता.

वरोऱ्याच्या अलीकडे आजोबांना डुलकी लागली. पाय कलंडला आणि पट्टीची कड गिअरपाशी, बाबांच्या हाताला टेकली.

बाबांनी तो हात काढून स्टिअरिंगवर घेतला. दुसरा हात सरळ दारावरच्या काचेच्या बटणाकडे गेला. बोट बटणावर टेकलं.

ऋचिता मागून बघत होती. आरशात तिला बाबांचा चेहरा अर्धा दिसत होता. ओठ उचलायला लागला होता. आरशाखालचा हिरवा ठिपका लुकलुकत होता. गाडी बघत होती, शहाण्या मुलीसारखी, पहिल्या बाकावरच्या.

दाबा, ऋचिता मनात म्हणाली. दाबाच. म्हणजे मला कायमचं कळेल.

बोट तिथंच होतं. वरोऱ्याचा फाटा आला, गेला. मग बाबांनी हळूहळू, औषध घ्यावं तसा, नाकानं एक लांब श्वास आत घेतला. थांबले. त्यांच्या कपाळावर आठी पडली. किळसेची नव्हती ती. काहीतरी हरवलेलं शोधताना पडते, तशी होती.

“खोबरेल,” ते स्वतःशीच पुटपुटले.

बोट बटणावरून उचललं गेलं. पाय होता तिथंच राहिला, डावा हात पुन्हा त्याच्या शेजारी आला.

मागं ऋचितानं श्वास सोडला. आपण तो केव्हापासून धरून ठेवला होता, हे तिला तेव्हा कळलं.